भिंतीला आधी उन्हाळा दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी माघात माझ्या भाच्याची वास्तुशांत झाली. नागपूरच्या बेसा भागात, सहाव्या मजल्यावर, दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर. पहिलंच घर, हप्ते वीस वर्षांचे. पाहुणे जेवून गेले आणि कोपऱ्यात भेटींचा ढीग राहिला. पाच भिंतीवरची घड्याळं, तीन गणपती, एक हसणारा बुद्ध आणि पळणाऱ्या सात घोड्यांचं चार फुटी चित्र. घोडे माझ्या थोरल्या भावाने दिलेले, म्हणजे भाच्याच्या सख्ख्या मामांनी. हे लावलं की घरात बरकत येते, असं दुकानदाराने दादाला सांगितलं होतं. आपल्या झिरो माईलच्या दगडी खांबापाशी घोडे चारच आहेत आणि तेही कित्येक वर्षं एकाच जागी. शहराचं त्यावाचून काही अडलेलं दिसत नाही. पण दादासमोर हे बोलायची माझी हिंमत नव्हती.

भाचसून म्हणाली, "मावशी, तुम्ही एवढी वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. हॉलच्या या मोठ्या भिंतीवर काय लावू, ते तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "काहीच नको लावू. आधी भिंतीला एक उन्हाळा दाखव."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नव्हते, श्रोतेहो. नागपुरात चित्र टिकणार की बिघडणार, हे चित्रकाराच्या आधी मे महिना ठरवतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, आणि संध्याकाळी सातला तिच्यावर तळहात ठेवला तर पोळीच्या तव्याची आठवण येते. घरात कोणती भिंत अशी तापते, दुपारचं ऊन कुठवर येतं, हे नकाशात कळत नाही. राहून कळतं. आणि मग कूलर. मार्च संपता संपता ताट्या बदलून, टाकीत पाणी भरून आपण तो खिडकीत बसवतो, आणि पुढचे अडीच महिने तो समोरच्या भिंतीवर ओली हवा मारत राहतो. कागद ओल पितो, फुगतो. कूलर बंद झाला की सुकतो, आक्रसतो. रोज फुगायचं, रोज आक्रसायचं. जूनपर्यंत त्या कागदाला लाटा येतात. नंतर पावसाळा आहेच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1987 साली महाल भागात आमचं पहिलं बिऱ्हाड होतं, दोन खोल्या, भाड्याच्या. मी फुटाळा तलावाचं एक जलरंगातलं चित्र केलं होतं. हौसेने फ्रेम करून घेतलं आणि लावलं कुठे, तर बरोब्बर कूलरच्या समोर. फ्रेम करणाऱ्याने काच सरळ कागदावर टेकवलेली होती, आणि मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कागदावर तपकिरी ठिपके दिसले म्हणून मी फ्रेम उघडली. जलरंगात डिंक असतो, तो ओलीने सुटून काचेला धरला होता. काच उचलली तर अर्धा फुटाळा तिच्यासोबत वर आला.

म्हणून फ्रेमवाल्याकडे जाल तेव्हा पट्टीचा रंग निवडायच्या आधी एक विचारा, "माउंट लावणार ना?" चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची जी पांढरी चौकट असते, ती शोभेसाठी असतेच, पण तिचं खरं काम काच आणि कागद यांच्यात फट ठेवणं. पुठ्ठा आम्लरहित मागा. साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत कागदाच्या कडा पिवळ्या पडतात. मागची बाजू कागदी पट्टीने नीट बंद करायला सांगा, नाहीतर कसर आत शिरते. आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या छोट्या गुंड्या चिकटवून घ्या, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते. दोन गुंड्या, चार-पाच रुपयांचं काम. पट्टी लाकडाचीच हवी असा हट्ट असेल तर आपल्या हाताशी बल्लारशाचं सागवान आहे. परवडत नसेल तर फायबरची पट्टी घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता काय लावायचं? इथे मला एक ठिपका आठवतो.

सय्यद हैदर रझा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. काळं मोठं वर्तुळ, भोवती तांबडे-पिवळे त्रिकोण, त्या 'बिंदू'ची छापील चित्रं हॉटेलांच्या लॉबीत आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांत लागलेली असतात. हा माणूस 1922 साली मंडला जिल्ह्यात जन्मला आणि 1939 ते 1943 या काळात चित्रकला शिकला तो आपल्या नागपुरात, नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये. मुंबई आणि पॅरिस त्यानंतरचं. रझांनी स्वतः सांगितलेली आठवण आहे की प्राथमिक शाळेत त्यांचं लक्ष लागत नसे. तेव्हा मास्तरांनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. भिंतीवर दुसरं काहीच नाही. पुढे उत्तरायुष्यात तो ठिपका त्यांच्या कॅनव्हासवर येत राहिला.

मी वर्गात मुलांना ही गोष्ट सांगत असे आणि मुलं हसत. मला मात्र नव्या घराच्या भिंती बघितल्या की हे मास्तर हटकून आठवतात. आपण काय करतो? ताबा मिळाला की पंधरा दिवसांत सगळ्या भिंती भरून काढतो. तीन चौकटींचा एक संच, सोफ्याच्या रंगाला जुळणारा, पानं-फुलं-सोनेरी वर्तुळं. वाईट असतं असं नाही. पण महिनाभराने घरातल्या कुणाला विचारा, त्या चित्रात पानं किती आहेत? कुणी सांगू शकणार नाही, कारण ते चित्र कुणी बघितलेलंच नसतं. ते रिकामपण झाकायला आणलेलं असतं.

खरेदीला निघायचंच असेल तर आपल्या शहरात चांगल्या जागा आहेत. 1863 सालचं अजब बंगला संग्रहालय आहे. तिथलं काही विकत मिळत नाही, पण डोळा तयार होतो. शासकीय चित्रकला महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रदर्शनं भरतात. तिथे मुलांशी बोला, त्यांची कामं घ्या. छापील कॅनव्हासच्या भावात कधीकधी हाताने केलेलं चित्र मिळून जातं आणि त्या पोराचा रंगांचा खर्च निघतो. सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात हस्तकलेचा मेळा भरतो तेव्हा गोंड चित्रकारही आपली चित्रं घेऊन बसलेले असतात.

गोंड चित्रांपाशी थोडं थांबते, कारण या शहराचं गोंडांशी नातं जुनं आहे. 1702 मध्ये हे नगर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. चित्रांची परंपरा मात्र सातपुड्यापलीकडची, पाटनगढ गावच्या परधान गोंडांची. परधान म्हणजे गोंडांच्या कथा गाणारे लोक. घराच्या मातीच्या भिंतीवर ते चित्रं काढत. त्यांच्यातला जनगढ सिंग श्याम हा तरुण 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनात आला आणि भिंतीवरची चित्रं कागदावर उतरली. म्हणजे आपण ती फ्रेम करून भिंतीवर लावतो तेव्हा ती आपल्या मूळ जागीच परत जातात.

हे चित्र घेताना एक करा. हरणाच्या किंवा झाडाच्या अंगात भरलेल्या बारीक नक्षीकडे जवळून बघा. कुणी ठिपके भरतो, कुणी आडव्या रेघा, कुणी माशाच्या खवल्यांसारखं काही. प्रत्येकाची भरण वेगळी, आणि तीच त्याची सही. भिंग लावलं आणि सगळा रंग एकसारख्या बारीक ठिपक्यांचा दिसला तर ते छापील आहे. छापील घ्यायला माझी हरकत नाही, फक्त भाव छापील चित्राचा द्या. खरं असेल तर पाठीमागे चित्रकाराकडून नाव, गाव आणि वर्ष लिहून घ्या. वारली चित्रांचंही हेच. जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आज त्यांच्या आकृत्या चहाच्या कपापासून पायपुसण्यापर्यंत सगळीकडे नाचताहेत. त्या पायपुसण्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

एक गंमत सांगते. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाने नव्या फ्लॅटसाठी मारबतीच्या मिरवणुकीचा फोटो मोठा करून आणला. पिवळी मारबत, गर्दी, गुलाल, फोटो खरंच झकास होता. त्याची आजी हॉलमध्ये आली, फोटो बघून दारातच थांबली. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हणून जिला आपण गावाबाहेर नेऊन जाळतो, तिला तू घरात आणून बसवलीस?" फोटो त्या मुलाच्या ऑफिसात गेला. तिथे बरा शोभतो म्हणे.

उंचीचं सांगायला हवं, कारण दहातल्या आठ घरांत चित्रं फार वर असतात. ही वाड्यातली सवय. जुन्या वाड्यांची छतं उंच, आणि पूर्वजांच्या तसबिरी खुंटीवरून पुढे झुकवून टांगलेल्या. त्यांना मान वर करून बघायचं, हार घालायचा, पोरांचा हात पोचू द्यायचा नाही. फ्लॅटचं छत साडेनऊ-दहा फुटांवर येतं, पण खिळा जुन्याच अंदाजाने ठोकला जातो आणि चित्र पंख्याशी गप्पा मारत बसतं. संग्रहालयांत साधारणपणे चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवतात. सोफ्याच्या वर असेल तर सोफ्याची पाठ आणि फ्रेम यांच्यात सहा ते आठ इंच पुरे, आणि रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश असली की डोळ्याला बरं वाटतं. भोक पाडायच्या आधी वर्तमानपत्र त्या मापाचं कापून चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि आठ दिवस राहू द्या. येताजाता समजतं.

भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नका, तारा तिथूनच गेलेल्या असतात. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाण्याचे पाइप. चिकट हुक हिवाळ्यात छान बसतात, मे महिन्यात मध्यरात्री पुट्टीसकट खाली येतात.

पण डोळ्यांच्या रेषेचा हा नियम मी सगळ्या चित्रांना लावणार नाही. माझे एक सहशिक्षक होते. त्यांच्या वडिलांनी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली होती, आणि त्यांच्या एका खोलीच्या घरात बाबासाहेबांचा एक कागदी छापील फोटो होता, कडा पिवळ्या पडलेला. सरांनी निवृत्तीच्या थोडं आधी पहिला स्वतःचा फ्लॅट घेतला. सजावट करणारा मुलगा म्हणाला, "सर, हा फोटो आतल्या खोलीत घेऊ या का? सोफ्याच्या रंगाशी जुळत नाहीये." सरांनी सोफा बदलला. तो फोटो आजही हॉलमध्ये आहे, डोळ्यांच्या रेषेच्या बराच वर, आणि तिथेच तो बरोबर आहे. माझ्या सगळ्या इंचांचा हिशेब त्या भिंतीवर मी गुंडाळून ठेवला.

आता भाच्याच्या भिंतीचं. उन्हाळा गेला. पश्चिमेची भिंत बाद झाली, कूलरसमोरची बाद झाली. उरली दारासमोरची, सावलीतली. दिवाळीची आवराआवर करताना माझ्या ट्रंकेतून आमच्या आईचं करवती काठाचं टसरचं लुगडं निघालं, भंडाऱ्याकडच्या विणकरांचं. करवतीच्या दात्यांसारखा काठ, म्हणून करवती. पोत घडीवर विरलेला, काठ मात्र जसाच्या तसा. ते मी भाचसुनेला दिलं. आम्ही साडेतीन फूट काठ घेतला आणि सुती कापडावर बारीक टाक्यांनी बसवला. डिंक बिलकुल नाही, डिंकाने रेशीम मरतं. फ्रेमवाल्याला सांगून काच कापडापासून अर्धा इंच पुढे ठेवून घेतली.

घोडे माळ्यावर गेले होते. भाच्याने व्यवस्था अशी लावली होती की मामा येणार असा फोन आला की घोडे खाली उतरायचे, आणि मामा जायला लिफ्टमध्ये शिरले की परत माळ्यावर. हे दोनदा सुरळीत पार पडलं.

गेल्या महिन्यात दादा न कळवता आले. मी तिथेच होते. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. दादा सोफ्यावर टेकले, समोर बघितलं, उठले, चष्मा लावून काचेशी गेले. काठाच्या डाव्या टोकाला एक बारीक जळका डाग आहे. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही चुलीतली ठिणगी. मी फुंकणी मारली होती, आईने धपाटा घातला होता." मग बराच वेळ बसले. चहा घेतला, चिवडा खाल्ला, तब्येतीच्या गोष्टी झाल्या.

दारात चपला घालताना मागे वळून भाच्याला म्हणाले, "काहून रे, घोडे कुठं गेले?"

नमस्कार.