पेडल सोडल्यावर तार कुठे थांबते?

[दृश्य : पेडल स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची, पेडलांनी तारांचे सूर बदलणारी गिटार. वादकाचा पाय पेडलवर. स्वर चढतो, रेंगाळतो, खाली येतो.]

पेडल दाबलं की तार चढते, सोडलं की जागेवर येते. निदान यायला हवी. हे गृहीत धरूनच वादक हातातला बार, म्हणजे जड धातूचा दांडा, तारांवर टेकवतो. एकेका तारेचा सूर बोटाने सांभाळून घ्यायची सोय या वाद्यात फारशी नाही. तारा आपसांत जुळलेल्या नसतील तर बार कितीही नेमका ठेवा, एकीला सुरात आणायला गेलं की दुसरी बिघडते.

सुरुवातीच्या काळात पेडल हे मुख्यतः जुळणी बदलायचं साधन होतं. दाबायचं, नवी जुळणी मिळाली की वाजवायचं. 1954 साली कंट्री गायक वेब पियर्सचं ‘स्लोली’ हे गाणं अमेरिकेत तुफान गाजलं. त्यात स्टीलवादक बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं आणि स्वर सरकताना लोकांनी ऐकला. मग काय, प्रत्येक स्टीलवादकाला तेच हवं झालं. पण स्वराचं जाणं उघड्यावर आलं तसं त्याचं येणंही आलं. परतताना चुकलेली तार आता लपवता येईना.

[दृश्य : ट्यूनर. चौथी तार छेडली जाते.]

ही ई नाइन या पेडल स्टीलच्या नेहमीच्या जुळणीतली चौथी तार, सूर ई. काटा बरोबर मध्यावर आहे. गुडघ्याने लिव्हर ढकलून ती डी शार्पपर्यंत उतरवली. सोडली. पुन्हा छेडली. काटा मध्याच्या पलीकडे, चार सेंट चढा.

अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरतात, म्हणजे चूक तशी किरकोळ. ही तार एकटी वाजली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण आठवी तारही ईच आहे, एक सप्तक खालची. दोन्ही एकदम छेडल्या की आवाज हेलकावे खायला लागतो.

इथे बहुतेकांचा हात थेट पान्याकडे जातो. घाई तिथेच नडते. आधी एवढंच बघायचं, की तार मुक्कामाच्या अलीकडे थांबली की पलीकडे गेली. वाद्याच्या कुठल्या टोकाला हात घालायचा, ते यावरूनच ठरतं.

[दृश्य : गिटार उलटी केलेली. कॅमेरा उजव्या टोकाकडे.]

उजव्या टोकाला चेंजर. प्रत्येक तारेखाली ॲल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो, त्याला फिंगर म्हणतात. सगळ्या फिंगर एकाच आसावर हलतात. तार चढवायची असते तेव्हा पेडलला जोडलेला रॉड फिंगरला ओढतो आणि तार ताणली जाते. रॉड सुटला की तारेचा स्वतःचा ताणच तिला मागे आणतो. उतरवताना मात्र फिंगर ढिली सोडावी लागते, म्हणून तिला परत आणायचं काम स्प्रिंगकडे. या वाटेत कुठेही अडथळा आला तर फिंगर पूर्ण परतत नाही, अलीकडेच थांबते. चढवलेली तार थोडी चढीच राहते, उतरवलेली थोडी उतरलेलीच.

आपली चौथी तार उतरवली होती, आणि परतली ती चढी होऊन. म्हणजे चेंजर निर्दोष. चला दुसऱ्या टोकाला.

[दृश्य : डावं टोक. रोलर आणि खुंट्या, अगदी जवळून.]

रोलर म्हणजे खाच असलेलं छोटं चाक, तार त्याच्यावरून खुंटीकडे जाते. रोलरपासून खुंटीपर्यंत तारेचा जो तुकडा आहे, तो वाजत नाही, पण ताण त्यालाही असतो. तार उतरली की वाजणाऱ्या भागातला ताण कमी होतो आणि खुंटीकडचा तुकडा किंचित तार आपल्याकडे खेचून घेतो. ताण परत आला की तेवढी तार त्याने परत द्यायला हवी. रोलर मोकळा फिरत असेल तर देतोही. रोलर जाम असेल तर ती तार तिकडेच राहते, वाजणारा भाग जास्त ताणला जातो आणि सूर चढा होतो. पेडलने तार चढवली की हाच प्रकार उलटा घडतो आणि ती परतते उतरलेली.

खात्री करून घेणं सोपं आहे. रोलरच्या कडेवर मार्करने बारीक ठिपका द्यायचा आणि लिव्हर ढकलत राहायचं.

[दृश्य : ठिपका. लिव्हर दाबला जातो. ठिपका हलत नाही.]

पाहिलंत? तार त्याच्यावरून घासत जाते आहे आणि रोलर ढिम्म.

तार सैल करून बाजूला घ्यायची आणि रोलर आसावरून काढायचे. काढतानाच ते ओळीने मांडून ठेवायचे, कारण अनेक गिटारींवर प्रत्येक रोलरची खाच त्या त्या तारेच्या जाडीप्रमाणे कापलेली असते. अदलाबदल झाली की दुरुस्तीतून नवं दुखणं. वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिळून आसावर चिकट थर साचतो. लायटरमध्ये भरतात त्या द्रवाने तो निघतो. खोलीत हवा खेळती हवी आणि जवळपास ज्योत नको. नंतर हलक्या तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकावरून. तेल जास्त झालं तर ते पुन्हा धूळ धरून बसतं. डबा उचलून सगळीकडे फवारा मारणाऱ्यांनी स्वतःसाठी पुढच्या वर्षीचं काम काढून ठेवलेलं असतं.

तार चढवताना खुंटीवरचे वेढेही बघावेत. थोडेच असावेत, एकाखाली एक. एकमेकांवर चढलेले वेढे ताण बदलला की सरकतात. शिवाय नवी तार सुरुवातीला उतरतेच. ती नीट बसायच्या आधी रोलरला दोष देऊ नये.

समजा लक्षण उलटं निघालं, तार अलीकडेच थांबली. तर उजव्या टोकाला रॉडवर बसवलेले नायलॉनचे नट आधी तपासायचे. उघडी तार खुंटीने जुळवायची आणि पेडलचा सूर या नटांनी, ही साधी रीत. नट जास्त पिळला गेला की पेडलला पाय न लावताही रॉड फिंगरला किंचित ओढून धरतो. म्हणून पाय आणि गुडघे बाजूला ठेवून प्रत्येक नट बोटाने हलवून पाहावा. केसभर तरी ढिलेपणा हवा. तो असूनही तार परतत नसेल तर चेंजरमधला मळ, किंवा उतरवणारी स्प्रिंग. स्प्रिंग अशक्त असेल तर उतरलेली फिंगर मागे खेचली जात नाही. गरजेपेक्षा कडक लावली तर लिव्हर ढकलताना गुडघा रडतो.

[दृश्य : तिसरी आणि सहावी तार.]

एवढं सगळं करूनही सहावी तार त्रास देते. तिसरी आणि सहावी, दोन्ही जी शार्प, सप्तकाच्या अंतराने. दोन्ही साध्या पोलादी तारा असतील तर फिंगर तेवढीच हलवून सहावीचा सूर तिसरीच्या सुमारे चौपट बदलतो. लांबी सारखी असल्यामुळे खालच्या सप्तकातली तार कमी ताणलेली असते आणि त्यामुळे जरा ओढलं की सूर लांब पळतो. सहावीला अर्धा स्वर चढायला जेमतेम पाव मिलिमीटर पुरतो. म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी ट्यूनरवर चार-पाच सेंट दिसतात. तिच्या जागी गुंडाळलेली तार लावली तर तिचा गाभा बारीक असल्यामुळे चूक कमी ऐकू येते, पण मग फिंगरला जास्त अंतर हलावं लागतं आणि ती चाल सगळ्या गिटारींना झेपत नाही.

पेडल दाबल्यावर इतर तारा जरा उतरतात, ती भानगड वेगळी. जादा ताणाने लाकडी खोकं वाकतं, पेडल सोडलं की सरळ होतं. त्यासाठी रोलर उचकटायची गरज नाही.

आणि शेवटचे दोन-तीन सेंट? ते वादक पायानेच मिटवतात. बी पेडल सहावी तार चढवतं, आणि ते सगळ्यात जास्त दाबलं जाणाऱ्या पेडलांपैकी एक. म्हणून आधी बी पेडल दाबून सोडायचं आणि मगच ट्यूनर बघून खुंटी पिळायची. वाजवताना सहावी उतरवून चढी परतली, की पुढचा स्वर छेडण्याआधी बी पेडलला पायाचा हलका धक्का द्यायचा. तार जुळवलेल्या जागी येऊन बसते.

[दृश्य : पायाची झटकन हालचाल. पुढची ओळ सुरू होते.]