नारळातलं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

बाजारात नारळ घेताना आपण काय करतो? कानाशी धरतो आणि हलवतो. आत पाणी खळखळलं की नारळ पिशवीत. आता तोच नारळ सोडणासकट घ्या, वर चांगला दोन बोटं जाड काथ्या असलेला, आणि हलवा. काथ्यामुळे आतलं पाणी हलायचं थांबतं का? नाही थांबत. हा सोडणाचा नारळ जरा बाजूला ठेवा. मला तो मागाहून लागणार आहे.

आजचा विषय, व्यावसायिक फुटबॉल क्लब आपल्या खेळाडूंच्या दुखापती कशा सांभाळतो, आणि त्यातही डोक्याचा मार. डॉक्टर कन्कशन म्हणतात, आपण मेंदूला बसलेला हादरा म्हणू. गुडघा, घोटा, मांडी यांबद्दल शेवटी, वेळ उरला तर. उरणार नाही. कारण आधी मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला लागलो की माझं काय होतं ते काचेपलीकडे बसलेल्या आमच्या निर्मात्यांना चांगलं ठाऊक आहे.

14 ऑक्टोबर 2006, शनिवार. गाव रेडिंग, इंग्लंड. रेडिंगचा क्लब त्या मोसमात इतिहासात पहिल्यांदाच सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये आलेला. समोर चेल्सी, लागोपाठ दोन वर्षांचे विजेते, मॅनेजर जोझे मॉरिन्यो. आणि चेल्सीच्या गोलमध्ये पेत्र चेक. नाव चेक आणि देशही चेक. सहा फूट पाच इंच उंच. आईला तिळं झालं, त्यातला हा एक.

आपल्याकडे ती रात्रीची वेळ. मी टीव्हीसमोर ताट घेऊन बसलेलो. सामना सुरू होऊन अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. बॉल चेल्सीच्या पेनल्टी बॉक्समध्ये आला, चेक पुढे सरकून खाली झेपावला, बॉल त्यानं हातात घेतला. रेडिंगचा स्टीफन हंट त्या बॉलमागे सुसाट येत होता. त्याचा गुडघा चेकच्या डोक्यावर बसला. मी भाकरी मोडून मान वर केली तोवर तो सहा फूट पाच इंचाचा माणूस आडवा.

आणि मग टीव्हीवाल्यांनी तोच प्रसंग सावकाश दाखवला. पुन्हा दाखवला. या बाजूनं, त्या बाजूनं. माझं स्पष्ट मत आहे, डोक्याला लागलेला माणूस मैदानावर पडलेला असताना हा रिप्लेचा खेळ बंद ठेवावा. त्याच्या घरचेही टीव्हीसमोर बसलेले असतात.

तर मैदानावरच काही मिनिटं उपचार झाले, आणि स्ट्रेचरवरून चेकला बाहेर नेलं. आधी रेडिंगचंच रॉयल बर्कशायर हॉस्पिटल, तिथून ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत. पत्र्याच्या डब्याला पोचा पडतो ना, तसा कवटीला पोचा पडला होता. हाड मोडून आत दबलं होतं. शस्त्रक्रिया करून ते सरळ केलं आणि धातूच्या दोन पट्ट्या बसवल्या.

पण सामना तर चालू आहे. चेकच्या जागी आला कार्लो कुडिचिनी, दुसरा गोलकीपर. चेल्सीनं एक गोल मिळवला, तोही रेडिंगच्याच खेळाडूच्या अंगाला लागून. दोन्हीकडचा एकेक जण लाल कार्ड खाऊन बाहेर गेला. आता संपलंच म्हणायचं, जादा मिनिटं चालू, आणि रेडिंगचा इब्राहिमा सोंको हवेत उडालेल्या कुडिचिनीवर आदळला. कुडिचिनी खाली पडला तो शुद्ध हरपूनच. एकाच सामन्यात, एकाच टीमचे दोन गोलकीपर, दोघंही स्ट्रेचरवर!

तेव्हा बाकावर तिसरा गोलकीपर कुणी ठेवत नसे. मग कॅप्टन जॉन टेरीनं गोलकीपरचा शर्ट चढवला, ग्लोव्हज घातले आणि उरलेला वेळ तो गोलमध्ये उभा राहिला. आयुष्यभर बॅक म्हणून खेळलेला माणूस. सामना चेल्सीनं 1-0 असा जिंकला. आणि चारच दिवसांनी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, बार्सिलोनाशी गाठ! तिथं गोलमध्ये कोण? इलारिओ नावाचा पोर्तुगीज, क्लबचा तिसरा गोलकीपर. तोही सामना 1-0 जिंकले. त्या पोराला आदल्या रात्री झोप लागली असेल का, हा विचार मी आजही करतो.

आपल्याकडे गोलकीपर कुणाला करतात? ज्याला पळता येत नाही त्याला. गल्लीत तर जाडा असेल तर पहिला मान त्याचा. अहो, अख्ख्या टीममध्ये समोरच्याच्या पायात डोकं घालायचं काम एकाच माणसाचं, आणि ते तुम्ही सगळ्यात कच्च्या भिडूला देता? असो. हा वेगळा विषय आहे.

सामना संपल्यावर मॉरिन्यो भडकला. माझ्या गोलकीपरला ॲम्ब्युलन्ससाठी ताटकळत ठेवलं, असं त्याचं म्हणणं. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी ते साफ नाकारलं. खरंखोटं त्यांचं त्यांनी बघावं, पण त्यानंतर प्रीमियर लीगनं, म्हणजे इंग्लंडच्या त्याच सगळ्यात वरच्या डिव्हिजननं, मैदानावरच्या वैद्यकीय सोयींचे नियम कडक केले. खेळाडूंसाठी स्वतंत्र ॲम्ब्युलन्स हवी म्हणजे हवी. ॲम्ब्युलन्स म्हटलं की मला गोव्याचा डेम्पो क्लब आठवतो. 5 डिसेंबर 2004, बंगळुरू, फेडरेशन कपची फायनल. डेम्पोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलकीपरवर आदळला, कोसळला आणि गेला. डोक्याचा मार नव्हता तो. पण मैदानाच्या कडेला कोण उभं आहे, काय घेऊन उभं आहे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

चेक परत कधी आला? 20 जानेवारी 2007. बरोबर 14 आठवड्यांनी, लिव्हरपूलविरुद्ध. डोक्यावर रग्बीवाले घालतात तशी काळी मऊ टोपी. तो सामना चेल्सी हरली, पण टोपी राहिली. 2012 साली म्युनिकला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये रॉबेनची पेनल्टी त्यानं अडवली ती टोपी घालूनच. 2019 साली निवृत्त होईपर्यंत ती डोक्यावरून उतरली नाही.

आता तो सोडणाचा नारळ घ्या हातात. पुष्कळ आईबापांना वाटतं, पोराला चेकसारखी टोपी घेऊन दिली की डोक्याची चिंता मिटली. नाही मिटली. टोपी म्हणजे वरचा काथ्या. करवंटीला तडा जाऊ नये, कातडी फुटू नये, इथपर्यंत तिचा उपयोग. चेकच्या कवटीत पट्ट्या होत्या, त्याला ती हवीच होती. पण हादरा बसतो आतल्या पाण्याला, म्हणजे मेंदूला. डोकं झटक्यात हललं की मेंदू आत हलतो, टोपी असो वा नसो. अगदी डोक्याला काही न लागता, छातीवर जोराची धडक बसून मान झटकली गेली तरी हलतो. टोपीनं हाड वाचतं, मेंदूचा हादरा थांबत नाही. पुन्हा सांगतो, हाड वाचतं, हादरा थांबत नाही.

आणि हा हादरा दिसत नाही, ही खरी अडचण. घोटा मुरगळला तर सुजतो. इथं सूज नाही, रक्त नाही, बऱ्याचदा शुद्धही हरपत नाही. आपल्या घरी पोर पडलं की आजी विचारते, टेंगूळ आलं का? आलं, मग बरं, मार बाहेर पडला. तसं काही नसतं. पण तिचा दुसरा प्रश्न, उलटी झाली का, तो मात्र अगदी डॉक्टरी आहे. तो सोडू नका. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बोलताना जीभ जड होणं, गुंगी, यांतलं एक दिसलं तरी थेट दवाखाना.

काचेपलीकडून घड्याळ दाखवायला सुरुवात झाली आहे, तेव्हा मुद्द्याचं बोलतो. मार लागलेल्याला, बरा आहेस का, असं विचारू नका. त्याला विचारून उपयोग नाही. ज्या मेंदूला हादरा बसलाय त्याच मेंदूकडून तुम्ही उत्तर मागताय.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर पोलवर आपटला. कुणीतरी डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं, विचारलं, "खेळतोस न्हवं?" तो म्हणाला, "हां." पब्लिकनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग बघतो तर हा गोलमध्ये उभा राहून डाव्या हातात उजवा ग्लोव्ह घालतोय. जात नाही. काढतोय, बघतोय, पुन्हा तोच घालतोय. आणि खेळ चालूच.

मोठ्या क्लबांतही हेच व्हायचं. नोव्हेंबर 2013, टॉटनहॅमचा गोलकीपर ह्यूगो लोरिस. एव्हर्टनच्या लुकाकूचा गुडघा डोक्याला लागला, शुद्ध हरपली, उठला, मी खेळणार म्हणाला, आणि खेळला. पुढच्या वर्षी वर्ल्ड कप फायनलमध्ये जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर मार लागल्यावर चौदाएक मिनिटं मैदानावर होता, आणि त्यानं रेफरीलाच विचारलं, ही फायनल आहे का? हसू येतं, पण त्या चौदा मिनिटांत दुसरी धडक बसली असती तर?

म्हणून डॉक्टर ठराविक प्रश्न विचारतात. आपण कोणत्या मैदानावर आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गोल कुणी केला? मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो? जिंकलो का? एक उत्तर चुकलं की बाहेर. सगळी बरोबर आली म्हणून सुटला असंही नाही, तोल बघायचा, डोळे बघायचे. 2014-15 च्या मोसमापासून प्रीमियर लीगमध्ये दोन्ही क्लबांच्या डॉक्टरांशिवाय तिसरा एक डॉक्टर, खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याशी बसतो. त्याच्यासमोर टीव्ही. माणूस पडला कसा, पडल्यावर हात सावरले की लुळे राहिले, हे तो पुन्हा लावून बघतो. मघाशी मी नावं ठेवली त्या रिप्लेचा हा एक चांगला उपयोग, मान्य.

आणि निर्णय कुणाचा? डॉक्टरचा. मॅनेजरचा नाही, खेळाडूचा नाही, डॉक्टरचा. कागदावर हे सोपं वाटतं. ऑगस्ट 2015, चेल्सी आणि स्वॉन्झी, 2-2, चेल्सीचे दहाच खेळाडू उरलेले. एडन हॅझार्ड पडला, रेफरीनं बोलावलं, म्हणून डॉक्टर एव्हा कार्नेरो आणि फिजिओ धावत गेले. नियमाप्रमाणे हॅझार्डला थोडा वेळ बाहेर जावं लागलं, चेल्सी नऊ जणांवर आली, आणि मॅनेजरनं सगळ्यांसमोर डॉक्टरांनाच बोल लावले. थोड्याच दिवसांत त्या बाई क्लबबाहेर. पुढच्या वर्षी प्रकरण मिटलं, क्लबनं त्यांची माफी मागितली. आणि तो मॅनेजर कोण? जोझे मॉरिन्यो. 2006 साली ॲम्ब्युलन्ससाठी आकाशपाताळ एक करणारा तोच.

परत खेळायला यायचं ते सापशिडीसारखं. पहिले 24 तास आराम. मग चालणं, सायकल. मग हलकं पळणं, मग बॉल, पण धक्काबुक्की नाही. डॉक्टरनं हो म्हटल्यावर पूर्ण सराव, मग सामना. मध्येच डोकं दुखलं की एक पायरी खाली.

नियमही उशिरा का होईना बदलले. नोव्हेंबर 2020 मध्ये वुल्व्हजचा राउल हिमेनेझ आणि आर्सेनलचा डेव्हिड लुईझ यांची टक्कर झाली. हिमेनेझची कवटी फुटली, आणि लुईझ डोक्याला पट्टी बांधून हाफटाइमपर्यंत खेळला. त्यानंतर फेब्रुवारी 2021 पासून प्रीमियर लीगमध्ये डोक्याच्या मारासाठी जादा बदली खेळाडू मिळायला लागला, आणि 2024 पासून हा पर्याय खेळाच्या नियमपुस्तकातच आला. पण बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. रग्बीत तात्पुरता बदली देतात, आत नेऊन निवांत तपासतात. फुटबॉलवाले त्याला तयार नाहीत. का, ते मला अजून पटलेलं नाही. वेळकाढूपणा होईल म्हणे. पायाला काही न होता पाच-पाच मिनिटं लोळतात तेव्हा वेळ जात नाही?

हेडिंगचं, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याचं, एकच सांगतो. ग्लासगोच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणारे मृत्यू साध्या माणसांच्या साडेतीनपट होते. 2021 पासून इंग्लंडमध्ये सरावात जोराचे हेडर आठवड्याला दहाच, असा सल्ला आहे.

मांडी राहिलीच. युरोपातल्या मोठ्या क्लबांचा हिशेब असा की 25 जणांच्या टीममध्ये एका मोसमात साधारण 50 दुखापती होतात. त्यात मांडीच्या मागच्या स्नायूचा, हॅमस्ट्रिंगचा वाटा वीस वर्षांत 12 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर गेला. सामने वाढले, वेग वाढला. यावर वेगळं भाषण द्या म्हणून मी निर्मात्यांना सांगणार आहे.

चेकचं मात्र सांगून जातो. फुटबॉल सोडल्यावर त्याच वर्षी, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये, तो गिल्डफर्डच्या एका आइस हॉकी क्लबाकडून उतरला. काम तेच, गोलकीपर. पेनल्ट्या अडवून पहिल्याच सामन्यात बक्षीस घेऊन आला. आणि आइस हॉकीत हेल्मेट अकराच्या अकरा, छे, सहाच्या सहा जणांना असतं.

लाल दिवा लागला. नमस्कार.