दोन रेघा आणि कॅलेंडरवरचा ठिपका

श्रोतेहो, नमस्कार.

पाळी चुकली की मेडिकलमधून चाचणीची पट्टी आणायची आणि सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकून दोन रेघा उमटतात का ते पाहायचे, हे आपल्या घराघरांत सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यात मी वेळ घालवत नाही. मला सांगायचे आहे ते त्या रेघांच्या पुढचे. दोन रेघा गर्भ राहिला आहे एवढेच सांगतात. तो कुठे राहिला आहे, हे सांगत नाहीत. शंभर गर्भधारणांपैकी एखाद-दुसऱ्या वेळी गर्भ गर्भाशयाबाहेरच रुजतो आणि अशा दहांतल्या नऊहून अधिक वेळा तो गर्भनलिकेत असतो. पुस्तकात याला अस्थानिक गर्भधारणा म्हणतात. आमच्या वॉर्डातल्या मावशी ‘नळीत राहिलंय’ असे म्हणतात, आणि मला त्यांचाच शब्द अधिक नेमका वाटतो. गर्भाशय बाळाबरोबर वाढते, नळीला तेवढे वाढता येत नाही, म्हणून साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटण्याचा धोका असतो.

आता एक हकिगत सांगते. ती मी इतक्या वेळा सांगितली आहे की माझे सहकारी ती सुरू होताच घड्याळाकडे पाहू लागतात. पण श्रोत्यांना घड्याळ दाखवता येत नाही, हा रेडिओचा फायदा आहे.

जुलै महिना होता. कळव्यात राहणारी एक एकतीस वर्षांची सून महापे येथे नोकरीला होती. कळव्याहून ठाणे, ठाण्याहून वाशीची गाडी, घणसोलीला उतरून पुढे रिक्षा, असा तिचा रोजचा प्रवास. पहिला मुलगा चार वर्षांचा होता आणि दुसऱ्यासाठी दिवस गेल्याचे तिला त्या दोन रेघांवरून कळले होते. मात्र तीन महिने पूर्ण होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, या रिवाजापायी नवऱ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हते. हा रिवाज मला कधीच पटलेला नाही. शेजारीपाजारी सांगू नये हे मी समजू शकते, पण ज्या तीन महिन्यांत स्त्रीला सोबतीची सर्वांत जास्त गरज असते, तेच आपण नेमके गुपितात घालवतो.

एका सकाळी तिचा उजवा खांदा दुखू लागला. गर्दीत कडीला लोंबकळून आणि दुसऱ्या खांद्यावर डब्याची पिशवी सांभाळून स्नायू आखडला असेल, असे सर्वांना वाटले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी आणि फवारा दिला. त्यांना मी दोष देत नाही, कारण तिने त्यांना फक्त खांदा सांगितला होता. चुकलेली पाळी सांगितली नव्हती, ओटीपोटात उजवीकडे दोन दिवस दुखते आहे हे सांगितले नव्हते, आणि चहाच्या रंगाचे डाग लागत आहेत हेही सांगितले नव्हते. त्या रात्री ती न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन बसली.

तिच्या सासूबाई मूळच्या चिपळूणकडच्या, शाळा चौथीपर्यंतची. त्यांनी सुनेला अंथरुणावर आडवे केले, तशी ती कळवळली; उशी लावून भिंतीशी बसवले, तेव्हा खांद्याची कळ जरा ओसरली. पुन्हा निजवले, पुन्हा कळ आली. मग सासूबाई उठल्या आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे त्या मांडत आणि आपल्या पाळीच्या तारखेला सून कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक ठिपका देत असे. आजकाल हा हिशेब मोबाईलमध्ये ठेवतात, आणि तो कुलूपबंद असल्यामुळे ऐन वेळी घरातल्या कोणालाही वाचता येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पहाटे पाच वाजता त्या सुनेला रिक्षात घालून रुग्णालयात आल्या, तेव्हा काखेत कॅलेंडरची गुंडाळी होती. मला म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, माझा खांदा दुखतो तेव्हा पडल्यावर बरं वाटतं. हिला पडलं की जास्त दुखतं. आणि हे बघा, ठिपका मेमधला. जूनचा नाही, जुलैचा नाही. हिला दिवस गेलेत, पण काहीतरी बिनसलंय.” मी सुनेच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली; आत कागदासारखा पांढरेपणा होता. नाडी एकशे वीसच्या पुढे, रक्तदाब खाली आलेला. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे आणि पोटात रक्त साठलेले दिसले. तासाभरात तिला शस्त्रक्रियेसाठी घेतले. उजवी नळी फुटली होती आणि पोटात दीड लिटरच्या आसपास रक्त होते. नळी काढली, रक्त चढवले, आणि चौथ्या दिवशी ती घरी गेली.

त्या पहाटे चार परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आमच्या निवासी डॉक्टरांनी जे विचारले नसते, ते सासूबाईंनी न विचारता सांगितले होते. पोटातले रक्त आडवे झाल्यावर वर सरकते आणि छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, खालून डिवचते. या पडद्याचा मज्जातंतू मानेतून निघतो आणि खांद्याच्या टोकाच्या संवेदनाही मानेच्या त्याच पातळीवर पोहोचतात, म्हणून दुखणे पोटातले असूनही मेंदूला ते खांद्यात आहे असे वाटते. हे पुन्हा सांगते, कारण कानाने ऐकलेले लवकर विसरते: पाळी चुकलेली आहे, आणि खांद्याच्या टोकाला आडवे झाल्यावर वाढणारी कळ आहे, किंवा ओटीपोटात एका बाजूला दुखते आहे, डाग लागत आहेत, घेरी येते आहे, तर फवारा मारून वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावे आणि पाळी चुकल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.

हकिगतीने बराच वेळ घेतला, तेव्हा उपचारांविषयी थोडक्यात बोलते. नळी फुटण्यापूर्वी निदान झाले तर घाई इतकी नसते. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी आणि बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर तयार होणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी, अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने दोनदा केली की चित्र बहुधा स्पष्ट होते. हे हार्मोन मुळात कमी असेल आणि आपोआप उतरत असेल, तर काही निवडक रुग्णांना नुसते देखरेखीखाली ठेवता येते. रुग्ण स्थिर आहे, नळी शाबूत आहे, गर्भाची गाठ लहान आहे, ठोके नाहीत आणि हार्मोनची पातळी फार चढलेली नाही, अशा वेळी मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देतात. ते झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना फोलिक अॅसिड वापरू देत नाही, म्हणून फोलिक अॅसिडची गोळी त्या काळात बंद ठेवावी लागते, आणि मनाने वेदनाशामक गोळ्या घेणेही टाळावे लागते. इंजेक्शनाआधी यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी होते. चौथ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा रक्त तपासतात. या दोन दिवसांमध्ये पातळी किमान पंधरा टक्क्यांनी उतरली पाहिजे. चौथ्या दिवशी ती थोडी वाढलेली दिसली तरी घाबरू नये. मात्र पातळी शून्यावर येईपर्यंत तपासण्या सोडू नयेत, आणि पुढचे तीन महिने तरी दिवस राहू देऊ नयेत.

बाकीच्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. तीत बहुधा ती नळीच काढतात, कारण दुसरी नळी निरोगी असेल तर पुढे दिवस राहण्यास तेवढी पुरते. दुसरी नळी खराब असेल तर नळी उघडून फक्त गर्भ काढण्याचा विचार होतो. ज्या स्त्रीचा रक्तगट निगेटिव्ह आहे, तिने अँटी-डी इंजेक्शनाची, म्हणजे पुढच्या बाळाला रक्तगटाच्या विसंगतीपासून जपणाऱ्या इंजेक्शनाची, आठवण डॉक्टरांना अवश्य करून द्यावी.

दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात. नळीतला गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येईल का? नाही, ते आजच्या वैद्यकाला साधत नाही. लोकलचा प्रवास केला, बादली उचलली म्हणून असे झाले का? तेही नाही. नळीला पूर्वी झालेला संसर्ग, क्षयरोग, नळीवरची आधीची शस्त्रक्रिया, धूम्रपान यांनी धोका वाढतो, पण यांतले काहीही नसलेल्या स्त्रियाही आमच्याकडे पुष्कळ येतात. त्या कळव्याच्या सुनेत आम्हाला यांतले काहीच सापडले नव्हते, तरी घरातल्या एका नातेवाइकाने रेल्वेलाच गुन्हेगार ठरवले होते. रेल्वेचे इतर अपराध पुष्कळ आहेत. हा तिचा नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही मी रागाने सांगते. गर्भ नको असलेल्या कित्येक स्त्रिया सोनोग्राफी न करता मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेतात. नळीतल्या गर्भावर त्या गोळ्यांचा परिणाम होत नाही. गर्भाशयातून रक्त जाते, ‘मोकळे झालो’ असे वाटते, आणि नळीत गर्भ वाढत राहतो. दोन रेघा गर्भ आहे एवढेच सांगतात. तो कुठे आहे, हे सोनोग्राफी सांगते.

एकदा नळीत गर्भ राहिला की पुढच्या वेळी तसेच होण्याची शक्यता साधारण दहातली एक असते, म्हणून पुढच्या वेळी रेघा दिसताच लवकर यावे लागते. दीड वर्षाने ती सून आली, ती सहाव्या आठवड्यात. या वेळी घरात सर्वांना ठाऊक होते. मी पडद्यावर गर्भाशयातली ती छोटी काळी पिशवी शोधत असताना सासूबाई दाराबाहेर उभ्या होत्या, आणि दार उघडताच त्यांनी मुलगा की मुलगी वगैरे काहीच मनात आणले नाही.

“जागेवर आहे ना?” एवढेच त्यांनी विचारले.

जागेवर होता.

नमस्कार.