शेवटच्या घरातले उणे सहा

(दृश्य: डब्लिन. रॉयल कालव्यावरचा ब्रूम पूल, भिंतीत बसवलेली दगडी पाटी.)

१६ ऑक्टोबर १८४३. आयरिश गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन पत्नीसोबत कालव्याच्या काठाने रॉयल आयरिश अकॅडमीच्या सभेला निघाले होते. कित्येक वर्षं अडलेलं कोडं या पुलापाशी सुटलं. त्यांनी चाकू काढला आणि सूत्र दगडावरच कोरलं. आय, जे, के: प्रत्येकाचा वर्ग उणे एक, आणि तिघांचा गुणाकारही उणे एक. ते कोरीव अक्षर कधीच झिजून गेलं. ही पाटी १९५८ सालची.

या संख्यांचं नाव क्वाटर्निअन. त्यांना एक खोड आहे. आय गुणिले जे केलं की के येतो, जे गुणिले आय केलं की उणे के. तीन पाचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा, हे आपण लहानपणी गृहीतच धरलेलं. क्रमनिरपेक्षतेचा तो नियम इथे मोडला.

पण नियम मोडायला नव्या जातीच्या संख्याच लागतात का? आर्थर केली तेव्हा लंडनमध्ये वकिली करत होते, आणि गणितही जोरात चालू होतं. १८५८ च्या निबंधात त्यांनी नोंदवलं की दोन ओळी, दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सही, म्हणजे संख्यांनी भरलेल्या चौकटीही, अशाच वागू शकतात.

(दृश्य: फळ्यावर दोन मॅट्रिक्स.)

पहिलीच्या कर्णावर, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे जाणाऱ्या तिरप्या ओळीवर, वर उणे एकचं वर्गमूळ, खाली त्याचंच ऋण; बाकी शून्य. दुसरीचा कर्ण शून्यांचा. वर उजवीकडे एक, खाली डावीकडे उणे एक. गुणून बघा: पहिलीची ओळ, दुसरीचा स्तंभ, जोडीजोडीने गुणाकार आणि त्यांची बेरीज. मग क्रम उलटा करून गुणा. घरं तीच भरतात, चिन्हं मात्र उलटतात. घरातली एकेक संख्या साधीभोळी, क्रमाची पर्वा न करणारी. भांडण आहे ते मांडणीत.

मग सगळीच भांडणं अशी चौकटीत बसतील?

जून १९२५. परागकणांच्या ॲलर्जीने बेजार झालेले भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग हेल्गोलँड बेटावर गेले. तिथे आकाराला आलेल्या अणूंच्या गणिताला माक्स बोर्न आणि पास्कुआल योर्डान यांनी त्याच वर्षी मॅट्रिक्सचं रूप दिलं. कणाचं स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) यांच्या मॅट्रिक्स दोन्ही क्रमांनी गुणून वजाबाकी करा. कर्णावर प्रत्येक घरात एकच ठरलेली संख्या उरते. सोयीसाठी ती एक धरू.

इथे अडतं. कुठल्याही दोन चौरस मॅट्रिक्स दोन्ही क्रमांनी गुणा, कर्णावरची बेरीज दोन्हीकडे सारखीच येते. वजाबाकीत ती शून्य. आणि आपल्याला तर कर्णभर एक हवे आहेत! सात घरं असतील तर बेरीज सात. म्हणून बोर्न-योर्डान यांच्या मॅट्रिक्स न संपणाऱ्या आहेत.

(दृश्य: सात बाय सातचा तुकडा. कॅमेरा कर्णावरून खाली.)

हट्टाने सातव्या ओळीला कापलं तर? एका मॅट्रिक्समध्ये कर्णाच्या खालच्या तिरप्या ओळीत सगळे एक, दुसरीत वरच्या तिरप्या ओळीत एक ते सहा. वजाबाकीच्या कर्णावर एक, एक, एक… सहा वेळा एक. आणि शेवटच्या घरात उणे सहा. सगळी थकबाकी एकाच कोपऱ्यात.

आता हीच बेरीज वारांसारखी करा, सात झाले की पुन्हा शून्य. आज सोमवार असेल, तर सहा दिवसांपूर्वी मंगळवार होता. उद्याही मंगळवारच. उणे सहा म्हणजे एक, आणि कोपऱ्यातलं घर बाकीच्यांसारखंच.