दोन नमुने, एक कागद

(दृश्य: तलाठी कार्यालय. लाल कापडात बांधलेलं दप्तर टेबलावर ठेवलं जातं. गाठ सुटते.)

गाठ सुटली की आधी धूळ निघते, मग गाव निघतं. कुणाची विहीर, कुणाचं सोसायटीचं कर्ज, कुठल्या बांधावरून तीन पिढ्या बोलत नाहीत, सगळं या कागदांत आहे.

सातबारा म्हणजे एक उतारा, असं आपण धरून चालतो. खरं तर तो दोन नमुन्यांचा जोड. वर गाव नमुना 7: जमीन कुणाची, किती, तिच्यावर बोजा कुणाचा. खाली गाव नमुना 12: कुठल्या हंगामात काय पेरलं. असे एकूण 21 गाव नमुने आहेत. मुंबई इलाख्यात 1903 साली अधिकार अभिलेखाचा, म्हणजे जमिनीवर कुणाचा काय हक्क याच्या नोंदीचा, कायदा झाला. पुढे एफ. जी. एच. अँडरसन या सनदी अधिकाऱ्यानं गाव, तालुका आणि जिल्ह्याच्या महसुली हिशेबांची घडी पुस्तकात बांधून दिली. महसूल खात्यात आजही 'अँडरसन मॅन्युअल'चं नाव निघतं.

हा माणूस आज असता, तर त्याच्या हुद्द्यात 'सिस्टिम अॅनालिस्ट' असं काहीतरी असतं.

(दृश्य: नमुना 7 वरचा खाते क्रमांक. बोट तिथून नमुना 8-अ च्या वहीवर जातं.)

1970 साली आयबीएम या संगणक कंपनीतल्या एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध लिहिला. तेव्हा संगणकात एक नोंद दुसरीला जोडायची, तर ती कुठं ठेवली आहे त्याची वाट आखून द्यावी लागे. तिसरं कपाट, पाचवं पान, असं. कॉड म्हणाले, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि तक्ते त्यांत लिहिलेल्या क्रमांकासारख्या नोंदींनी जोडा. वाट शोधणं यंत्राचं काम.

आता हे बोट पाहा. नमुना 7 वर खातेदाराच्या नावाशी खाते क्रमांक आहे. तोच क्रमांक 8-अ मध्ये शोधला, की त्या माणसाची गावातली सगळी जमीन एका पानावर. कपाट बदललं, वही फाटली, नवी शिवली, तरी क्रमांक तोच. डेटाबेसच्या वर्गात याला 'फॉरेन की' म्हणतात. इथं कुणी कधी काही म्हटलं नाही, नुसतं वापरलं.

पण या दप्तरातली माझी सगळ्यात आवडती वही वेगळीच. नमुना 6, फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करायची नाही, असा दंडक. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, की आधी सहामध्ये नोंद धरायची. संबंधितांना नोटीस. हरकतीसाठी 15 दिवस. मग तलाठ्याच्या वरचा मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करणार, आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर अंमल. जुनं नाव पुसायचं नाही. कंसात टाकायचं, शेजारी फेरफाराचा नंबर. म्हणजे आजचा सातबारा हातात घेऊन नंबरामागून नंबर मागं जात पणजोबांपर्यंत पोचता येतं. बँकेची प्रणाली बांधणारे 'ट्रॅन्झॅक्शन लॉग' हाच ठेवतात, आणि नियमही तोच: विकणाऱ्याचं क्षेत्र कमी झालं पण घेणाऱ्याच्या नावावर चढलं नाही, असं अर्धवट राहता कामा नये.

(दृश्य: संगणकाचा पडदा. लाल अक्षरांत त्रुटी.)

मग हे सगळं संगणकात घालायचं ठरलं. सुमारे 44 हजार गावं, अडीच कोटींच्या घरात सातबारे. सॉफ्टवेअर पुण्यात एनआयसीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेनं, लिहिलं. रखडलं ते सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कागदामुळं.

कागद माफ करतो. गटाचं क्षेत्र 2 हेक्टर 40 आर आणि खातेदारांची बेरीज 2 हेक्टर 43 आर, हे वहीत चाळीस वर्षं सुखानं नांदतं. संगणक बेरीज करतो आणि अडून बसतो. ते 3 आर कुणाचे? 3 आर म्हणजे जवळपास 3 गुंठे. कुठल्याही गावात यावरून भांडण पेटेल. किंवा समजा, एका पानावर 'गणपत रामा', दुसऱ्यावर 'गणपत रामा शिंदे', तिसऱ्यावर 'ग. रा. शिंदे'. तलाठ्याला ठाऊक असतं की माणूस एकच. यंत्राच्या लेखी तीन खातेदार.

म्हणून हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा ओळीनं ओळ ताडून पाहावा लागला. त्यासाठी दुरुस्तीची खास सोय सॉफ्टवेअरमध्ये द्यावी लागली. आणि 2017 मध्ये राज्यभर जे झालं, ते प्रणाली बांधणाऱ्या प्रत्येकानं बघायला हवं होतं. चावडी वाचन. गावात माणसं बसवायची आणि सातबारे मोठ्यानं वाचून दाखवायचे. कंपन्या 'युजर टेस्टिंग' करतात, इथं कुणीतरी मागून ओरडतं, "अहो, आमच्या आत्याचं नाव कुठं गेलं?"

1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तोही घरबसल्या. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडचा खरेदीदस्त फेरफाराला जोडला गेला. 2020 मध्ये उताऱ्याचा नमुनाही बदलला.

(दृश्य: शेताचा बांध, सकाळ.)

खालचा भाग, नमुना 12, मात्र बराच काळ तलाठ्याच्या अंदाजावर राहिला. गेल्या वर्षीचं सोयाबीन यंदाही सोयाबीन. 15 ऑगस्ट 2021 ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि ती लेखणी शेतकऱ्याच्या हातात आली. पिकाचा फोटो काढायचा, सोबत अक्षांश-रेखांश आपोआप जातात.

तुरीच्या ओळीत एक आजोबा मोबाइल वर धरून उभे आहेत. रेंज नाही. ते विहिरीच्या कठड्याकडे चालू लागतात, तिथं एक काडी येते म्हणे.