बर्फाआधीची मिसिसिपी: ला क्रॉस ते रेड विंग

(दृश्य: पहाट. नदीवर वाफेसारखं धुकं. धक्क्याला बांधलेली बोट.)

ऑक्टोबरचा मध्य. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं ला क्रॉस गाव. रात्री पारा शून्याखाली उतरला आणि धक्क्यावरचे ओले दोर काठीसारखे ताठ झाले. डेकवर पांढरा थर आहे. पण खाली इंजिनाच्या खोलीत हात घातला, तर तिथे तेवढा गारठा नाही. बोटीखालचं पाणी अजून दहा-बारा अंशांवर आहे आणि त्याच उबेवर सगळी यंत्रणा सुखरूप आहे.

हंगामाच्या शेवटच्या फेरीचं सगळं गणित या उबेवर बसवावं लागतं. बोट पाण्यात आहे तोवर नदी तिला सांभाळते. ती उचलून जमिनीवर ठेवली की चारी बाजूंनी उघडी हवा लागते आणि पहिल्याच रात्री इंजिन गोठू शकतं. म्हणून आखणी शेवटाकडून सुरू होते. हिवाळाभर बोट जिथे जमिनीवर ठेवायची, त्या रेड विंगच्या यार्डात क्रेनची वेळ कोणत्या दिवशी मिळाली, हे आधी पाहायचं. ती वेळ उन्हाळ्यातच मागून ठेवलेली बरी, कारण ऑक्टोबरात सगळ्यांनाच बोट बाहेर काढायची असते. त्या तारखेच्या आधी एक दिवस राखीव, आणि त्याच्याही आधी प्रवासाचे दिवस.

(दृश्य: नकाशा. नदीवर मैलांचे आकडे आणि लॉक.)

वरच्या मिसिसिपीचे मैल दक्षिणेला कैरो गावाजवळ, ओहायो नदीच्या संगमापासून मोजतात. ला क्रॉस मैल ६९८ वर, मिनेसोटातलं रेड विंग ७९१ वर. मध्ये ९३ मैल, म्हणजे सुमारे १५० किलोमीटर, आणि पाच लॉक, म्हणजे धरणाशेजारचे, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारे हौद: सात, सहा, पाच-अ, पाच आणि चार. लॉकचे क्रमांक उत्तरेकडून दिलेले असल्यामुळे वर जाताना आकडे उतरत जातात.

आता वेळ. बोट पाण्यातून ताशी आठ मैल जाते आणि प्रवाह समोरून दोन मैलांचा आहे, असं धरू. जमिनीच्या हिशेबाने हाती सहाच मैल उरतात. साडेपंधरा तास चालायला, प्रत्येक लॉकला अर्धा तास, एकूण अठरा. दिवसाचा उजेड अकरा तासांचा, पण सकाळचं धुकं विरायला नऊ-साडेनऊ होतात आणि साडेचारपर्यंत बोट बांधलेली असावी. कामाचे तास सातच. म्हणजे तीन दिवस. पहिला मुक्काम विनोना, मैल ७२५. दुसरा वॅबाशा, मैल ७६०. तिसऱ्या दिवशी पेपिन सरोवर ओलांडून रेड विंग.

ही वाट उन्हाळ्यात केलेली असली, तरी शरदात ती वेगळी असते. इंधनाचे धक्के लवकर बंद होतात किंवा शनिवार-रविवारीच उघडतात. नळ फुटू नयेत म्हणून धक्क्यांवरचं पाणी बंद केलेलं असतं. मैला उपसायची यंत्रणाही त्याच सुमारास बंद होते. निघण्याआधी प्रत्येक मुक्कामी फोन करून या तीन गोष्टी विचारा. संकेतस्थळावरचं वेळापत्रक बहुधा उन्हाळ्याचं असतं, त्यावर विसंबू नका. पिण्याचं पाणी सोबत घ्या आणि मैल्याची टाकी पहिल्या संधीला रिकामी करा. ती भरलेली राहिली, तर हिवाळ्यात गोठते, फुगते आणि सांध्यांवर चिरते.

(दृश्य: लॉकचे दरवाजे. बार्जचा लांबलचक तांडा.)

हा सुगीचा काळ आहे. मका आणि सोयाबीन भरलेली बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू जहाजं, दक्षिणेला निघालेली असतात. एक बार्ज १९५ फूट लांब आणि ३५ फूट रुंद. पंधरा बार्ज, तीन-तीनच्या पाच रांगांत तारांनी जखडून, मागून एक टोबोट ढकलत नेते. लॉक ६०० फुटांचा असल्यामुळे तांडा एका दमात आत मावत नाही. आधी नऊ बार्ज उतरतात, मग उरलेली सहा आणि टोबोट. एवढ्याला दीड ते दोन तास जातात. व्यापारी वाहतुकीला अग्रक्रम असतो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या लॉकला कधी अडीच तास लागतात. दुपारी दोननंतर नव्या लॉकच्या दिशेने निघायचं की नाही, हा निर्णय रेडिओवर पुढची परिस्थिती ऐकूनच घ्या.

लॉकशी बोलायला रेडिओची व्हीएचएफ वाहिनी १४, टोबोटशी बोलायला १३. लाल दिवा असेल तर लांब थांबा, पिवळा म्हणजे हळू जवळ या, हिरवा म्हणजे आत या. आत वरून दोर मिळतो. तो हातात धरायचा, कधीही बांधायचा नाही. पाणी चढतं तसा दोर ओढून घ्यायचा. या पाच लॉकमध्ये बोट साधारण पाच ते नऊ फूट वर चढते. अंतर कमी आहे, पण ओल्या दोराने गारठलेली बोटं वळत नाहीत, म्हणून आत लोकर असलेले रबरी हातमोजे प्रत्येकाकडे हवेत.

तांडा थांबायला मैलभर अंतर लागू शकतं आणि त्याच्या नाकापुढचा बराच पट्टा चालकाला दिसतच नाही. वळणावर त्याला आधी विचारा: कोणत्या बाजूने जाऊ?

मुख्य मार्ग सोडून आडवाटेला लागलात, तर पाण्याखालचे दगडी बांध सांभाळा. प्रवाह मधोमध आणून नदीने स्वतःच खोली कोरावी, म्हणून १८७८ पासून विलोच्या फांद्या आणि दगड रचून ते काठापासून आत बांधले गेले. पुढे १९३० मध्ये नऊ फूट खोलीच्या मार्गाला मंजुरी मिळाली, धरणं झाली, पाणी चढलं आणि बांध नजरेआड गेले. ते आजही तिथेच आहेत, काही जेमतेम दोन-तीन फूट खोल. शांत पाण्यावर काठापासून आडवी गेलेली बारीक लहरींची रेघ दिसली, की खाली बांध आहे असंच समजा. प्रवाहाविरुद्ध जाताना लाल बोया, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, उजव्या हाताला असतात. बोयांची ओळ सोडू नका.

(दृश्य, जवळून: इंजिनात येणाऱ्या नदीच्या पाण्याच्या गाळणीचं झाकण उघडताना.)

शरदातला सगळ्यात नेमाने येणारा बिघाड हा. पाण्यातलं रानटी सेलरी गवत या दिवसांत मुळापासून सुटतं आणि फितींसारखं तरंगत येतं. त्यात मेपल आणि कॉटनवुडची पानं. हे सगळं इंजिनाला थंड करणारं पाणी ओढलं जातं त्या तोंडाशी गोळा होतं. गाळणी काढली, की हिरव्या-तपकिरी लगद्याचा गोळाच हाती येतो. इंजिनाचं तापमान नेहमीपेक्षा पाच अंश वर गेलं, की थांबून गाळणी पाहा. पाणी न मिळता काही मिनिटं इंजिन चाललं, तर इंपेलरची, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्राची, रबरी पाती जळतात आणि तुटलेले तुकडे पुढे उष्णता-विनिमयकात, म्हणजे इंजिनाची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, जाऊन बसतात. जादा इंपेलर आणि त्याचं गॅस्केट सोबत असायलाच हवं.

पहाटे नदीवर उठणारं धुकं हे थंड हवा कोमट पाण्यावर आल्याने बनतं. वरून आकाश निळं असतं आणि पन्नास फुटांवरचा बोया दिसत नाही. त्या वेळी निघू नका. त्यात अंधारात बदकांच्या शिकाऱ्यांच्या छोट्या, रंगाने झाकलेल्या होड्या असतात. तुमच्या लाटेने त्या उलटू शकतात.

(दृश्य: पेपिन सरोवर. उघडं, राखाडी पाणी.)

तिसरा दिवस पेपिनचा. चिपेवा नदीने आणलेल्या वाळूमुळे मिसिसिपी तुंबली आणि हे सरोवर झालं. सुमारे ३५ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त चारेक किलोमीटर रुंद, आणि वायव्य-आग्नेय पसरलेलं. शरदातला थंड वारा वायव्येकडूनच येतो, म्हणजे लाटांना पूर्ण लांबी मोकळी मिळते. लाटा उंच नसतात, पण अंतर कमी असल्याने एकीतून सावरेपर्यंत दुसरी आदळते. १३ जुलै १८९० ला याच सरोवरात सी विंग ही बोट वादळात उलटली आणि ९८ जण बुडाले. आणि ११ नोव्हेंबर १९४० ला, सकाळी उबदार असलेल्या दिवशी, काही तासांत तापमान कोसळलं, हिमवादळ आलं. मध्यपश्चिमेत सुमारे दीडशे जण दगावले, त्यात नदीवर बदकांच्या शिकारीला गेलेले बरेच होते. ते अंगावर हलके कपडे घालून निघाले होते.

वॅबाशाला रात्री हवामान ऐका. वायव्येचा वारा पंधरा नॉटच्या वर असेल, तर राखीव दिवस वापरा. तो त्यासाठीच ठेवलाय. दहा अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास ताब्यात आणायला एक मिनिट लागतं, हातपाय कामाचे राहतात ते दहा मिनिटं. म्हणून जीवरक्षक जाकीट अंगावर हवं, खणात नको. आणि मागची शिडी पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता आली पाहिजे.

केबिनमध्ये गॅसचा हीटर लावून झोपणं टाळा. लावलाच, तर कार्बन मोनॉक्साइडचा सूचक चालू आहे याची आधी खात्री करा.

(दृश्य: इंधन भरताना.)

साठवणीचं पहिलं काम यार्डात नाही, इथे. शेवटचा उघडा इंधनधक्का गाठला, की टाकी पंच्याण्णव टक्के भरा आणि स्थिरक, म्हणजे इंधन साठवणीत खराब होऊ न देणारं रसायन, घाला, डब्यावरच्या मात्रेप्रमाणे. उरलेली पाच टक्के जागा फुगण्यासाठी. अर्धी टाकी ठेवली तर रिकाम्या भिंतींवर दव धरतं, आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल ते पाणी शोषून त्याच्यासह तळाशी वेगळं पडतं. आता पेपिन ओलांडताना पाच तास तेच प्रक्रिया केलेलं इंधन फिल्टर, पंप आणि इंजेक्टरमधून फिरेल. यार्डात पोहोचून स्थिरक घालणाऱ्याला हे मिळत नाही.

रेड विंगला धक्क्यावर लागताच, इंजिन गरम असताना तेल आणि तेलाचा फिल्टर बदला. गरम तेलात काजळी आणि आम्लं तरंगत असतात, ती तेलाबरोबर निघून जातात. थंड तेलात ती तळाशी राहतात आणि सहा महिने बेअरिंगना खातात.

क्रेनची वेळ सकाळची मागा. दुपारी चारला बोट वर आली आणि रात्री उणे सहा झालं, तर इंजिन रिकामं करायला वेळच उरत नाही. मिनेसोटात रस्त्यावरून बोट नेताना तळाचं बूच काढलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे, झेब्रा शिंपल्यांचा फैलाव रोखण्यासाठी.

(दृश्य, जवळून: इंजिनाच्या ब्लॉकचं पितळी बूच. पान्याने उघडताना. काही येत नाही.)

बूच उघडलं आणि पाणी आलं नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. मिसिसिपीचा गाळ बारीक असतो, तो भोकात बसून घट्ट होतो. एक तार घ्या आणि भोकात खुपसून फिरवा. आधी काळपट चिखल, मग गढूळ पाण्याची धार सुटेल. इंजिनाच्या दोन्ही बाजूंचं बूच, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, पाण्याच्या पंपाची सगळ्यात खालची नळी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. ओतीव लोखंड ताणलं जात नाही, ते तडकतं.

मग अँटीफ्रीझ, म्हणजे न गोठणारं गुलाबी द्रव, प्रोपिलीन ग्लायकॉलचं. इथे एक गफलत दरवर्षी होते. डब्यावर लिहिलेलं उणे ५० फॅरनहाइट हे नळ्या फुटण्याचं तापमान आहे. त्यातलं द्रव घट्ट व्हायला त्याच्या खूप आधी सुरुवात होते. इंजिनात शिल्लक राहिलेल्या पाण्याने ते पातळ झालं, तर तेवढंही संरक्षण उरत नाही. शिवाय थंड इंजिनात थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर उघडणारी झडप, बंद असतो आणि गुलाबी द्रव ब्लॉकला वळसा घालून एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. माणूस गुलाबी रंग पाहून समाधानी होतो, आत पाणी तसंच असतं. म्हणूनच आधी ब्लॉक रिकामा करायचा. इंजिनासाठी उणे १०० फॅरनहाइटचं घ्या, एका मोठ्या पेट्रोल इंजिनाला २० ते २५ लिटर लागतं. बाहेर पडणारं द्रव किती पातळ झालंय, ते रिफ्रॅक्टोमीटरने मोजा.

गिअरच्या खालच्या खोक्यातलं तेलही तेव्हाच पाहा. बूच सैल करा आणि पहिला थेंब बोटांवर घ्या. दुधट असेल तर सील गळतंय आणि आत पाणी आहे. ते गोठलं, की धातूचं आवरण फुटतं.

पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेत गरम पाण्याची टाकी बाजूला काढून तिला वळसा द्या, नाहीतर वीस-पंचवीस लिटर अँटीफ्रीझ तिच्यातच जाईल. शॉवरचं सांडपाणी उपसणारी टाकी विसरतात. तीही अँटीफ्रीझने भरा.

बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण उतरली, तर उणे सातच्या आसपास गोठते. भरलेली उणे साठपर्यंत टिकते. लिथियमची असेल, तर शून्याखाली चार्ज करू नका.

(दृश्य: स्टँडवर उभी बोट. पांढरं आवरण.)

बोटीचं वजन कण्याखालच्या ठोकळ्यांवर असावं. बाजूचे स्टँड फक्त तोल धरतात. समोरासमोरचे दोन स्टँड साखळीने जोडा आणि पायांखाली प्लायवूड घाला, कारण वसंतात जमीन वितळून मऊ होते आणि एक पाय खचतो. आवरणाचा दोर स्टँडला कधीच बांधू नका, वाऱ्याने स्टँड ओढला जातो. बोटीचं नाक किंचित वर ठेवा, म्हणजे आत आलेलं पाणी मागच्या भोकातून जाईल. आवरणात वारा खेळण्याच्या खिडक्या हव्यात, नाहीतर मार्चमध्ये उशा आणि पडदे काळ्या बुरशीने भरतात.

काढलेलं बूच आणि इंपेलर एका पिशवीत घाला, ती किल्लीला बांधा. सुकाणूवर एक चिठ्ठी चिकटवा: "बूच काढलेलं. इंपेलर बाहेर. पाणी न घालता सुरू करू नका." वसंतात बोट पाण्यात उतरवणारा यार्डातला माणूस दुसराच असू शकतो.