जेवण किती वाजता मिळतं?

(न्यू जर्सीतल्या सोलापूरकरांच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. तिळगूळ सगळ्यांना पोचलाय असं धरून चालतो. कार्यक्रम दहाचा होता, साडेअकराला सुरू झाला. म्हणजे आपण अजून सोलापूरकरच आहोत, काळजी नसावी.

सकाळी मुलांच्या सत्रात 'आमचं सोलापूर' चाललं होतं. किल्ला झाला, तलाव झाला, गिरणीचा भोंगा झाला आणि नकाशावर सेटलमेंट आली. ताईंनी मुलांना सांगितलं, की १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. माणसं तारेच्या कुंपणात ठेवली, हजेरी लावली, बाहेर जायला पास लावला. तो कायदा रद्द झाला १९५२ साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. काही काळ आपल्या सेटलमेंटचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता, हे मुलांना सांगायचं राहिलं. मोठ्यांना मी सांगतो. तर एक दहा वर्षांची मुलगी उठली. म्हणाली, "त्यांना जेवण किती वाजता द्यायचे?" ताई थांबल्या. लगेच दुसरा प्रश्न आला, "आणि न्यूअर्कच्या डेलनी हॉलमध्ये, त्या इमिग्रेशनच्या कोठडीत, किती वाजता देतात?" मागून कुणीतरी म्हणालं, "बाळा, तो विषय नंतर."

नंतर म्हणजे आत्ता, असं मी धरलंय. मला दिलेला विषय 'संक्रांत आणि आरोग्य' होता. तिळात कॅल्शियम असतं. झाला तो विषय.

कागदावर त्या पोरीचं उत्तर तयार आहे. इमिग्रेशनच्या कोठड्यांसाठी सरकारचीच 'डिटेन्शन स्टँडर्ड्स' आहेत. त्यातली २०११ ची, पुढे २०१६ मध्ये सुधारलेली नियमावली म्हणते: दिवसाला तीन जेवणं, त्यातली दोन गरम, आणि रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या न्याहारीपर्यंत १४ तासांहून जास्त खंड नको. १२ पुरुषांमागे एक संडास, बायकांसाठी आठजणींमागे एक. १२ जणांमागे एक शॉवर. आत आल्यापासून १२ तासांत आरोग्याची पहिली तपासणी, १४ दिवसांत पुरती. वाचायला छान आहे. पण हा कायदा नव्हे. कुठल्या केंद्राला कुठली नियमावली लागू, ते त्या-त्या करारावर ठरतं.

बिघडतं ते गर्दीनं. २०२५ च्या सुरुवातीला देशभरात या कोठड्यांत सुमारे ३९ हजार माणसं होती, वर्षअखेरीला ६५ हजारांच्या वर गेली. खाटा वाढवता येतात, पण स्वयंपाकघर आणि संडास तेवढेच राहतात. मग पंगती वाढतात आणि शेवटच्या पंगतीचं दुपारचं जेवण संध्याकाळवर जातं. त्यात डोकी मोजायची वेळ येते. मोजणी जुळेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, म्हणजे जेवणाची गाडीही नाही. या सभागृहात शुगरवाले किती आहेत ते मला ठाऊक आहे, हात वर करू नका. इन्सुलिन वेळेवर आणि जेवण तीन तासांनी, याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगायला नको.

डेलनी हॉल इथून पाऊण तासावर. हजार खाटांचं, खासगी कंपनीनं चालवलेलं केंद्र, मे २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. १२ जूनला आत गोंधळ झाला आणि चौघं भिंत फोडून पसार झाले. जेवण उशिरा आणि तुटपुंजं येतं, अशा तक्रारी वकील आणि नातेवाईक करत होते. सरकारी खात्यानं सांगितलं, मोठी अशांतता वगैरे काही नव्हती. ज्या भिंतीतून ते गेले ती म्हणे आतून प्लास्टरबोर्डचीच होती.

गेल्या दिवाळीत आपल्याकडे पुऱ्या पाऊण तास उशिरा आल्या, तर चौघांनी कार्यकारिणीचा राजीनामा मागितला. त्यातले दोघे डॉक्टर. आणि पार्किंगमध्ये गाड्या उभ्या होत्या, वाटेल त्याला घरी जाता येत होतं.

याहून वाईट प्रकार 'होल्ड रूम'चा. पकडून आणलं की आधी तिथं. ती खोली मुळात १२ तासांसाठी, म्हणून तिच्यात खाट नसते. जून २०२५ मध्ये ती मुदत ७२ तासांवर नेली, खाट मात्र आली नाही. मॅनहॅटनच्या २६ फेडरल प्लाझातल्या अशा खोल्यांबद्दल ऑगस्टमध्ये न्यायाधीशांना आदेश काढावा लागला: माणशी ५० चौरस फूट जागा, झोपायला स्वच्छ मॅट, साबण, टूथब्रश, बायकांना पॅड. साबणासाठी कोर्टाचा आदेश! आपण चादरीच्या गावची माणसं म्हणून मुद्दाम सांगतो, पांघरायला तिथं चकाकणारा चांदीसारखा कागद मिळत होता.

आता कुणी म्हणेल, ओ, आपण रांगेत उभे राहून, कागद करून आलो. त्यांचं त्यांनी बघावं. दर मेळाव्यात हे ऐकू येतं, आणि बोलणारा नेमका ग्रीनकार्ड घरच्या लॉकरात ठेवून आलेला असतो. १८ वर्षांवरच्यानं ते जवळ बाळगायचं, असा कायदा आहे. ४ सप्टेंबर २०२५ ला जॉर्जियात बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर ४७५ जण धरले. त्यात ३०० हून जास्त कोरियन, बरेचसे इंजिनिअर आणि तंत्रज्ञ. त्यांचं सरकार विमान घेऊन आलं, तरी आठवडा आतच गेला. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत परत पाठवलेल्या भारतीयांना घेऊन अमृतसरला जे अमेरिकन लष्करी विमान उतरलं, त्यातल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्राचे होते. ते कुठल्या तालुक्याचे, एवढंही आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी विचारलं नाही. त्या दिवशी तिथं शेंगाचटणी कुठल्या दुकानाची, यावर वाद चालू होता.

आता कामाचं. माणूस आत गेला की आधी सरकारी लोकेटरवर शोधायचा. हाताशी 'ए नंबर', म्हणजे इमिग्रेशन खात्यानं माणसाला दिलेला क्रमांक, आणि जन्मदेश असेल तर सरळ सापडतो. नावानं शोधायचं तर स्पेलिंग तंतोतंत लागतं, आणि आपला घोळ तिथंच होतो. वडलांचं नाव पासपोर्टवर कधी पहिल्या नावाला चिकटलेलं असतं, कधी नसतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव पुढे की मागे, तोही प्रश्न. पासपोर्टवर एकच नाव असेल तर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', पडतं. सगळ्या जोड्या करून बघा. रात्रीतून टेक्सासला किंवा लुइझियानाला हलवलं, की नोंद मागे पडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तुम्हाला आत फोन लावता येत नाही, फोन त्यानंच करायचा. तो अनोळखी नंबरवरून येतो आणि आपण स्पॅम म्हणून कापतो. घरात कुणी अडकलं असेल, तर त्या दिवसांत एकही फोन कापू नका.

इंग्रजी कागदावर वकिलाशिवाय सही करायची नाही. स्वखुशीनं देश सोडतो असं त्यात असू शकतं. सरकार वकील देत नाही, तो आपला आपण करायचा. आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क मागितला तर मिळतो, पण भारताच्या बाबतीत तो मागावाच लागतो. आणि माणसानं आश्रय मागितला असेल, तर त्याला न विचारता बाहेरून आपण वकिलातीला कळवायचं नाही. त्यानं त्याचंच नुकसान होऊ शकतं.

उपोषणाचंही सांगतो, कारण आपल्याकडे लगेच गांधीजी आठवतात. ७२ तास खाल्लं नाही, की नियमावलीनुसार डॉक्टरकडे पाठवतात. रोज वजन होतं, वेगळ्या खोलीत ठेवू शकतात. एल पासोला जानेवारी २०१९ मध्ये कोर्टाचा आदेश घेऊन नाकातून नळी घातली होती. त्यात बहुतेक पंजाबची पोरं होती.

आश्रयाच्या मुलाखतीला दुभाषी फोनवर असतो. मराठी माणसाला सर्रास हिंदीवाला जोडून देतात, आणि तोही "चलेगा" म्हणतो. मग भीती 'परेशानी' होते, आणि मुलाखत घेणारा तेवढंच लिहून घेतो. इथं सोलापूर कामाला येतं की ओ! या एका सभागृहात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी, चारही भाषा घरात बोलणारी माणसं बसलीत. चार भाषांची यादी करू, इमिग्रेशनच्या वकिलांना देऊ, असा विषय कार्यकारिणीत मांडला.

तिथंच अडलंय. आतल्या माणसाच्या भेटीला जायचं तर दारात ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं. एच-वन व्हिसावाले म्हणतात, आमचं नूतनीकरण तोंडावर आहे. त्यांना भित्रे म्हणायला मी तयार नाही. दोन पोरं आणि घराचा हप्ता आहे. मग म्हटलं, घरी बसून कागदांचं भाषांतर करा. तर एका वहिनींनी बरोबर बोट ठेवलं: कोर्टात द्यायच्या भाषांतराला भाषांतरकाराचं नाव आणि सही लागते. ते नाव कुणाच्या फायलीत, किती वर्षं राहणार? नागरिक असलेल्यांनीच सह्या कराव्यात, तर आपल्यातल्या नागरिकांना कन्नड वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं ते सगळे व्हिसावर. फेब्रुवारीच्या बैठकीत विषय पुन्हा आहे. आत्तापर्यंत यादीवर सहा नावं आली आहेत, त्यातली दोन खोडून परत घेतलीत.